रात्री दोनला सिस्टर कुणाला उठवते? रेसिडेंटबद्दल सोबतच्यांना कसं विचारायचं

आमच्या बालरोग विभागात एकाच बॅचचे दोन रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर, होते. एकाचं वाचन जबरदस्त. तो सेमिनारला उभा राहिला की आम्हीच वही काढायचो. दुसरी मुलगी अभ्यासात मध्यम, व्हायव्हात अडखळायची. पण रात्री एखाद्या लेकराचा श्वास वाढला की ड्युटी कुणाचीही असो, वॉर्डातल्या सिस्टर फोन तिलाच करायच्या. मला हे कळलं तेही योगायोगानं, चहाच्या टपरीवर. एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "सर येतात हो मॅडम, पण आधी फोनवर आम्हाला बोलतात, मग येतात."

तोवर सहा महिने मी त्या हुशार मुलाच्या लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, डोळे झाकून सह्या केल्या होत्या.

त्यानंतर मी युनिटात सहकाऱ्यांकडून अभिप्राय घ्यायला लागले. पहिल्या वर्षी सगळं चुकलं, ते पुढं सांगते. मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात नुकतेच लेक्चरर झालेले, हाताखाली दोन-तीन जेआर (ज्युनियर रेसिडेंट) असलेले जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एवढं पक्कं करा की अभिप्रायाचा हा कागद कशासाठी आहे. डोसचं गणित, ईसीजी वाचणं, लंबर पंक्चरचा (पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचा) हात, हे तुम्ही स्वतः बघा. सिस्टरला विचारून त्यातलं काही कळत नाही. सोबतच्यांना विचारायचं ते तुमच्यासमोर कधी घडतच नाही त्याबद्दल. आपण राऊंडला आलो की प्रत्येक जेआर शहाणा असतो. बोलावल्यावर येतो का, ओव्हर देताना (ड्युटी संपताना पुढच्याला पेशंट सोपवताना) गंभीर लेकरू सांगायचं विसरतो का, आईला ओरडतो का, चूक झाली तर इंटर्नच्या नावावर ढकलतो का, हे बाकीच्या तेवीस तासांतलं आहे. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांसाठी असाच एक छोटा फॉर्म आहे. त्यात रुग्णाशी वागणं, बोलणं, टीममध्ये काम करणं आणि हाकेला उपलब्ध असणं एवढ्या चारच गोष्टी विचारतात. त्यातली चौथी वाचली आणि मला ती टपरी आठवली.

किती जणांना विचारायचं? १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एका डॉक्टरबद्दल साधारण ११ सहकाऱ्यांचं मत आलं की त्यावर भरवसा ठेवता येतो. ही माणसं डॉक्टरनं स्वतः निवडली काय किंवा वरिष्ठांनी निवडली काय, निकालात फारसा फरक पडला नव्हता. तरी आपल्याकडं सगळी निवड जेआरवर सोडू नका. तो तीन रूम पार्टनर आणि गावाकडचा एक इंटर्न आणून देईल. मी बारा नावं ठरवते, सहा त्याची, सहा माझी. मिळून हिशोब असा जुळवते: दोन शिक्षक, तीन सिस्टर (त्यातली एक नाईटवाली हवीच), तीन जेआर म्हणजे एक सीनियर, एक बॅचमेट, एक जुनियर, मग एक इंटर्न, ब्लड बँकेतला एक टेक्निशियन, स्त्रीरोगचा एक जेआर आणि वॉर्डात साफसफाई करणारी एक मावशी. स्त्रीरोगवाला का, तर सिझरला बाळ घ्यायला आमचा पोरगा वेळेवर पोचतो का, वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) आधी लावून ठेवतो का, हे तोच बघतो. बारातले दहा आले तरी काम भागतं.

मत देणाऱ्या माणसानं रेसिडेंटसोबत निदान दोन-तीन महिने काम केलेलं असावं. परीक्षेच्या तोंडावर फॉर्म वाटू नका. डेंग्यूच्या सीझनमध्ये, एका कॉटवर दोन-दोन लेकरं असतात तेव्हाही नको. तेव्हा सगळेच सगळ्यांवर चिडलेले असतात.

आता फॉर्म. एक पान, मराठीत, आठ वाक्यांच्या वर नाही. मी आधी एक ते पाच मार्क ठेवले होते. सगळ्यांना सगळ्यात चार मिळाले. एका सिस्टरनं तर न वाचताच वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली होती. मग त्या ब्रिटिश फॉर्मसारखे तीनच पर्याय केले: काळजी नाही, थोडी काळजी, मोठी काळजी. शेवटच्या दोनांवर खूण केली तर काय पाहिलं ते एका ओळीत लिहायचंच. चौथा रकाना 'मी हे पाहिलेलं नाही', आणि तो विसरू नका. तो नसला की ब्लड बँकेतला माणूसही जेआर आईशी कसा बोलतो यावर मत देतो.

वाक्यं डोळ्यांनी दिसेल अशी लिहा. 'स्वभावाने नम्र आहे' यातून काही हाती लागत नाही. आवडत्या पोराला सगळ्यातच चांगलं म्हणायला ते बरं पडतं. त्याऐवजी 'औषध कसं पाजायचं ते आईला दाखवून तिच्याकडून एकदा करून घेतो'. 'जबाबदार आहे' याऐवजी 'ओव्हर देताना गंभीर बाळाजवळ उभं राहून सांगतो'. आणि माझं लाडकं वाक्य: 'रात्री बोलावताना मला धाकधूक वाटत नाही'.

मावशींना फॉर्म देऊ नका. काही जणींना लिहिता येत नाही, आणि येतं त्यांनाही सही-शिक्क्याच्या कागदाची भीती असते. त्यांच्याशी बसून बोला, तेही स्वतः नको, लायब्ररीतल्या किंवा पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) कुणाला तरी सांगा. माझ्या एका जेआरबद्दल मावशी म्हणाल्या होत्या, "लेकरू गुणाचं हाय, पर सुई टोचली की ट्रेमधीच टाकून जातंय. मला हातानं उचलावं लागतंय." बाकी अकरा जणांच्या लेखी तो पोरगा निर्दोष होता. सुई पांढऱ्या डब्यात टाकायची, हे बायोमेडिकल वेस्टवर बोलताना त्यानंच इंटर्नला शिकवलं होतं.

फॉर्म परत आले की आहे तसे पुढं सरकवू नका. माझी पहिल्या वर्षीची चूक हीच. मी झेरॉक्स काढून जेआरच्या हातात दिले. युनिट केवढं? तीन सिस्टर, चार जेआर. अक्षर ओळखायला त्याला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी तो ड्युटी रूमपाशी जाऊन सिस्टरला विचारत होता, "माझ्याबद्दल असं का लिहिलं?" पुढचं वर्षभर कुणी एक खरी ओळ लिहिली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. आता विभागाबाहेरचा माणूस फॉर्म गोळा करतो, शेरे टाइप करतो, 'आठ नंबरच्या कॉटवाल्या रात्री' असले ओळख पटवणारे तपशील काढून टाकतो. एका गटातून तिघांपेक्षा कमी आले तर तो गट वेगळा दाखवत नाही, सगळ्यांत मिसळतो. मावशींची ओळही तशीच मिसळते.

दुसरी चूक, सरासरी काढून नंबर लावले. ते कुणीतरी बोर्डावर लावलं. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, फक्त तुम्ही करू नका.

वाचताना कुणी लिहिलंय याचाही अंदाज ठेवा. ब्रिटनमधल्या अशाच फॉर्मांत दिसलंय की 'काळजी वाटते' असं कन्सल्टंट आणि अनुभवी सिस्टर जास्त सांगतात, बरोबरीचे डॉक्टर कमी. आपल्याकडं तर बॅचमेट एकमेकांना कधीच पाडत नाहीत. म्हणून बॅचमेटनं एका ठिकाणी 'थोडी काळजी' लिहिलं तर मी थांबते. शेऱ्यांतला दुजाभावही बघा. मुलगी ठाम बोलली तर 'उद्धट', मुलगा तेच बोलला तर 'शिस्तीचा', हे मी एकाच सिस्टरच्या अक्षरात वाचलंय.

भाषेचं तर विचारूच नका. ऑल इंडिया कोट्यातून राजस्थानचा एक मुलगा आला. सहा जणांनी लिहिलं, 'बोलण्यात आदर नाही'. मी त्याच्यामागं वॉर्डात हिंडले तेव्हा कळलं की बिचारा मोठ्या कष्टानं मराठी शिकत होता आणि ती शिकत होता लेकरांकडून. त्यामुळं इन्चार्ज सिस्टरला "ट्रे दे", पेशंटच्या आजोबांना "इकडे ये". त्याला 'द्या, घ्या, या, बसा, सांगा' एवढी पाच रूपं पाठ करायला लावली. पंधरा दिवसांत प्रश्न मिटला. आकड्यावर गेले असते तर त्याच्या फाईलीत 'वर्तणूक असमाधानकारक' लागलं असतं.

आता बसून बोलणं. याला अर्धा तास द्या, दार लावून. कॉलच्या (रात्रपाळीच्या) दुसऱ्या दिवशी नको, पोरगं झोपेत असतं. फॉर्म वाटतानाच तोच फॉर्म त्याच्याकडूनही स्वतःबद्दल भरून घ्या. दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवून दहा मिनिटं खोलीबाहेर जा. खरंच जा. तुमच्यासमोर वाचताना त्याचं अर्धं लक्ष चेहरा सांभाळण्यात जातं. परत आल्यावर विचारा, "यातलं काय माहीत होतं, काय नव्हतं?" बहुतेक जण लगेच कुणी लिहिलं यावर येतात. तिकडं जाऊ देऊ नका. कारण विचारा. ज्याला सिस्टर घाबरायच्या तो माझा हुशार मुलगा बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, फोन आला की मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय." राग तिथून यायचा. आम्ही एकच गोष्ट ठरवली: फोन उचलला की पहिलं वाक्य "येतो", मग बाकीचं. एका वेळी एकच गोष्ट ठरवा, पाच ठरवल्या की पाचही राहतात.

कधी चांगल्या चाललेल्या जेआरबद्दल अचानक चार-पाच ठिकाणी काळजी दिसते. तेव्हा वर्तणुकीवर भाषण देण्याआधी झोप किती, जेवण कुठं, घरी काय चाललंय ते विचारा. एकीच्या वडिलांची फवारणीतून विषबाधा झाली होती. ती रोज रात्री परभणीला फोन लावून बसायची आणि कुणाला सांगत नव्हती. अशा वेळी फॉर्म बाजूला ठेवा, सुट्टी मिळवून द्या, गरज वाटली तर मानसोपचारच्या सहकाऱ्याला गाठा.

आणि शेऱ्यात जातीवरून बोलणं, अंगचटीला येणं, जुनियरला मारणं, पैसे मागणं असं काही आलं तर तो अभिप्राय राहत नाही, ती तक्रार झाली. टाइप करून मऊ करू नका. रॅगिंग विरोधी समिती किंवा अंतर्गत तक्रार समिती, जिथलं असेल तिथं त्याच दिवशी द्या. हे फॉर्म वाटतानाच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही.

जिल्हा रेसिडेन्सीचाही उपयोग करून घ्या. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये पोरं तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात असतात. आपण तिथं नसतो, आपल्या नावाचा धाकही नसतो. तिथल्या दोन सिस्टर आणि एका मेडिकल ऑफिसरनं भरलेला फॉर्म मला इथल्या दहांइतका महत्त्वाचा वाटतो. ऊसतोडीहून परतलेल्या बायका कुपोषित लेकरं घेऊन येतात तेव्हा तो त्यांना "आत्तापर्यंत काय करत होता?" म्हणतो की आधी लेकराचं वजन करतो, हे तिथं कळतं.

दोन महिन्यांनी पूर्ण फॉर्म परत काढू नका, लोक कंटाळतात. ठरलेल्या एकाच गोष्टीबद्दल तिघांना तोंडी विचारायचं. सुईवाल्या पोराबद्दल मी त्याच मावशींकडं निरोप धाडला होता. उत्तर आलं, "आता डब्यातच टाकतंय. पर डबा भरला की सांगत नाही." पुढच्या दोन महिन्यांसाठी ते लिहून घेतलं.