जीवनसत्त्वांची कमतरता कशी ओळखावी?

थकवा जवळजवळ प्रत्येक कमतरतेत येतो. पण तो झोप अपुरी झाली तरी येतो आणि थायरॉईड बिघडलं तरीही. म्हणून आधी नेमक्या खुणा शोधा.

पहिल्यांदा चांगल्या उजेडात, आरशासमोर जीभ बाहेर काढा. ती गुळगुळीत आणि लालभडक झाली असेल, तिखटाने झोंबत असेल, तर बी-१२ किंवा फोलेट (बी-९) कमी असल्याची शंका घ्या. ओठांचे कोपरे चिरत असतील तर बी-२, बी-६ किंवा लोह कमी असू शकतं. हिरड्यांतून रक्त बहुतेक वेळा दातांवरच्या किटणामुळे येतं. पण सोबत केसांच्या मुळांशी बारीक लाल ठिपके दिसले, जखमा लवकर भरेनाशा झाल्या, तर ‘क’ जीवनसत्त्वाकडे बघा. नखांवरचे पांढरे डाग सोडून द्या. ते सहसा नखाला लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात.

मग पायांकडे वळा. दोन्ही पायांना बोटांपासून मुंग्या येतात का? डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का? ही बी-१२च्या कमतरतेची लक्षणं असू शकतात आणि ती अजिबात अंगावर काढू नका, कारण उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. हिमोग्लोबिन व्यवस्थित असतानाही हे घडतं. यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे त्रास फार उशिरा जाणवतो. पूर्ण शाकाहारी, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे आणि जठराची शस्त्रक्रिया झालेले लोक यांनी जास्त जपावं.

खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठून बघा. मांड्यांत जोर नाही, हाडं ठणकतात, असं असेल तर ‘ड’ तपासायला हवं. अंधार पडताच मूल धडपडू लागलं, तर ‘अ’च्या कमतरतेची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासा, हा माझा आग्रह आहे. नुसत्या फोलिक ॲसिडने, म्हणजे गोळीतल्या फोलेटने, रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२अभावी नसांची हानी आतून चालूच राहते. साधारणपणे बी-१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली, ‘ड’ २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी तसं सांगा. त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. ‘ड’चे मोठे डोस मनाने घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.