ब्रेसेस लावल्यानंतर दात कसे घासावेत

ब्रेसेस लावलेल्या दातांना कीड लागण्याची सुरुवात बहुधा ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत होते. तिथे साचलेला थर नियमित निघाला नाही, तर काही आठवड्यांतच दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात आणि ब्रेसेस काढल्यावरही ते सहजासहजी जात नाहीत. म्हणून मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत टेकवून, एकेक दात घेत, आधी ब्रॅकेटच्या वरची आणि मग खालची बाजू हलक्या हाताने घासावी. तारेखालची जागा मात्र साध्या ब्रशने स्वच्छ होत नाही; तिथे फटींत जाणारा बारीक ब्रशच हवा. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. फ्लोराइडयुक्त पेस्ट थुंकून टाकावी, पण लगेच चूळ भरू नये.

तार गालाला टोचत असेल, तर ती जागा कोरडी करून त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेणाची (ब्रेसेससाठीच्या खास मेणाची) छोटी गोळी दाबून बसवावी आणि दंतवैद्यांना कळवावे. हिरडीतून रक्त येते म्हणून अनेक जण घासणेच थांबवतात, हे फार नुकसानकारक आहे. बहुतेक वेळा नेमक्या त्याच जागी अधिक काळजीने घासण्याची गरज असते.