साताऱ्यातील अभ्यासमंडळात चार्टिस्ट चळवळ कशी मांडावी

मताच्या हक्कासाठी कामगारांनी चालवलेली इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळ आपल्याकडे बहुधा एका परिच्छेदात उरकली जाते: सहा मागण्या, तीन अर्ज आणि अपयश. अभ्यासमंडळात किंवा वाचनालयाच्या सभागृहात या विषयावर दोन तासांचे सत्र घ्यावयाचे असेल, तर या क्रमाने जाऊ नये. गिरणीत राबणाऱ्या माणसाला मत कशासाठी हवे होते, हे आधी श्रोत्यांच्या लक्षात आले, तर मागण्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत.

सुरुवात १८३२ पासून करावी. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने शहरांत वर्षाला दहा पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला मत दिले. कायद्यासाठी झालेल्या सभा-मोर्चांना गर्दी कामगारांनी केली होती, पण पदरात पडले ते दुकानदार आणि कारखानदार यांच्या. पाठोपाठ १८३४ मध्ये गरिबांना घरबसल्या मिळणारी मदत तोडून त्यांना श्रमगृहात, म्हणजे मदतीच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या आश्रयगृहात, पाठवू पाहणारा कायदा झाला. हे दोन कायदे लागोपाठ सांगितले, की १८३८ ची ‘जनतेची सनद’ (‘पीपल्स चार्टर’; यावरूनच ‘चार्टिस्ट’ हे नाव) कोठून आली याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. तिचा मसुदा मुख्यतः विल्यम लव्हेट या लंडनमधील सुतारकाम करणाऱ्या कारागिराने केला होता. एकवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी असलेली मालमत्तेची अट रद्द करणे, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी संसदेची निवडणूक, अशा तिच्या सहा मागण्या होत्या.

यांपैकी गुप्त मतदानाची मागणी आजच्या श्रोत्याला सर्वांत कमी कळते, कारण ती त्याला आयती मिळालेली आहे; म्हणून ती करून दाखवावी. तेव्हा मतदार लेखनिकापुढे उभा राहून आपली पसंती मोठ्याने सांगत असे, आणि कोणी कोणाला मत दिले याची यादी कित्येक ठिकाणी छापून विकली जात असे. सभागृहात एक टेबल मांडावे, त्यामागे लेखनिक बसवावा आणि शेजारच्या खुर्चीवर गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून कोणा एकाला बसवावे. साताऱ्यात कोणाचे ना कोणाचे आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरणीत होतेच, त्यामुळे जॉबर म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. ‘कामाचे तास दहावर आणावेत काय’ हा प्रश्न ठेवावा आणि मालकाला ते नको आहे, एवढेच जाहीर करावे. जॉबरने धमकी देऊ नये. केवळ नाव विचारावे आणि वहीत टिपत राहावे. ही फेरी झाली, की तोच प्रश्न चिठ्ठ्या आणि बंद डबा वापरून पुन्हा घ्यावा व दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. फरक पडला नाही तरी हरकत नाही. पहिल्या फेरीत कोण अडखळले, यावर बोलण्यासारखे पुष्कळ असते.

त्यानंतर सनदेच्या मागण्यांसाठी संसदेला दिलेल्या अर्जांकडे वळावे. १८३९ च्या पहिल्या अर्जावर सुमारे १२ लाख ८० हजार सह्या होत्या. संसदेने तो विचारात घेण्यास २३५ विरुद्ध ४६ मतांनी नकार दिला. १८४२ च्या दुसऱ्या अर्जावर ३३,१७,७५२ सह्या होत्या आणि कागद एकाला एक चिकटवून झालेली त्याची लांबी सहा मैलांहून अधिक, म्हणजे साताऱ्याहून संगम माहुलीला जाऊन परत येण्याइतकी, भरत होती. मिरवणुकीने आणलेले ते भेंडोळे सभागृहाच्या दारातून आत जाईना, तेव्हा ते उलगडून तुकड्यांनी आत न्यावे लागले. तोही अर्ज २८७ विरुद्ध ४९ मतांनी बाजूला पडला. या चर्चेत विरोधात बोलणारा एक खासदार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे: भारतातील इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता मेकॉले. गुप्त मतदानाला त्याचा विरोध नव्हता, परंतु सर्व पुरुषांना मत दिल्यास मालमत्ता सुरक्षित राहणार नाही आणि मालमत्तेवाचून संस्कृती टिकणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. येथे थोडे थांबून १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीचा उल्लेख करावा, कारण त्या वेळी आपल्या जिल्ह्यातही मतदारयादीत येण्यासाठी मालमत्तेची वा शिक्षणाची अट होतीच.

१८४८ च्या तिसऱ्या अर्जाची मात्र थट्टाच अधिक सांगितली जाते. चळवळीचे पुढारी फर्गस ओ’कॉनर यांनी ५७ लाख सह्यांचा दावा केला, संसदेच्या कारकुनांनी १९,७५,४९६ मोजल्या आणि त्यांत एकाच अक्षरातल्या पुष्कळ सह्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाचीही सही निघाली. ही गंमत जरूर सांगावी, पण तेथेच सोडू नये. निरक्षरांसाठी दुसऱ्याने सही केली, तर अक्षर एकसारखे दिसणारच. शिवाय कारकुनांचा आकडाच धरला, तरी तो त्या वेळच्या एकूण मतदारांहून मोठा होता. ओ’कॉनर यांचा स्वभाव आणि त्यांची जमीन-योजना यांवर, माझ्या मते, वेळ घालवू नये. १८३९ च्या नोव्हेंबरात वेल्समधील न्यूपोर्टला झालेला चार्टिस्टांचा उठाव, त्यात लष्कराच्या गोळीबाराने पडलेले वीसहून अधिक बळी आणि उठावाचे पुढारी जॉन फ्रॉस्ट यांना झालेली काळ्या पाण्यासारखी शिक्षा, एवढे दोन वाक्यांत सांगून पुढे जावे.

साताऱ्याच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवावी. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्येच पदच्युत केले, आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते दुसऱ्या व तिसऱ्या अर्जाच्या काळात लंडनमध्येच होते. साताऱ्याची बाजू घेणारे जॉर्ज थॉम्प्सन १८४७ मध्ये लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स मतदारसंघातून निवडून आले, आणि मतदानाचा हक्क वाढवावा या मताचेही ते होते. १८४८ च्या ५ एप्रिलला प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ आप्पासाहेब महाराज वारले व सातारचे राज्य खालसा होण्याचा मार्ग मोकळा झाला. १० एप्रिलला लंडनमधील केनिंग्टनच्या मैदानावर चार्टिस्टांची सभा भरली. तारखा जवळ आहेत म्हणून रंगो बापूजींना चार्टिस्टांच्या व्यासपीठावर बसवू नये. एकच संसद दोन्ही गाऱ्हाणी कशी परतवीत होती, इतकेच दाखवावे.

स्त्रियांच्या मताचा प्रश्न श्रोत्यांतून येईलच. सनदेत त्यांना मत नव्हते. सभा आणि सह्या यांत मात्र त्या मोठ्या संख्येने होत्या. अखेरीस फळ्यावर मागण्यांपुढे वर्षे लिहावीत: मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, बऱ्याच अंशी समान मतदारसंघ १८८५ मध्ये, खासदारांना वेतन १९११ मध्ये आणि सर्व प्रौढ पुरुषांना मत १९१८ मध्ये. वार्षिक निवडणुकीपुढची जागा रिकामीच राहते. दर वर्षी आमदार निवडावा लागला तर काय होईल, हा प्रश्न विचारून चर्चा खुली करावी आणि तिला निदान अर्धा तास ठेवावा.