शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसची जोडी कशी तयार करावी

शाळेचा बेसबॉल संघ बांधताना क्रीडाशिक्षकांची नजर आधी क्रिकेटवाल्या पोरांवर जाते. इनफिल्डसाठी, म्हणजे बेसजवळच्या आतल्या क्षेत्ररक्षणासाठी, मी फुटबॉलवाली पोरं आधी बघतो, आणि आमच्या कोल्हापुरात ती पेठापेठांत आहेत. क्रिकेटचं पोरगं जमिनीवरचा चेंडू गुडघा टेकून अडवतं. चेंडू अडतो, पण तोवर चेंडू मारून धावणारा फर्स्ट बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोहोचलेला असतो. पूर्ण मापाच्या मैदानावर होमपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, तिथवर अंतर 27.43 मीटर, चपळ खेळाडूला साडेचार सेकंद खूप झाले. फुटबॉलच्या पोराला छोटी पावलं टाकत चेंडूवर जायची सवय असते, ती इथं सोनं आहे.

माझ्यासमोर नमुना असतो हिरोकाझु इबाताचा. जपानच्या ओकिनावातल्या इशिगाकी बेटावर 1975 मध्ये जन्म, उंची जेमतेम 173 सेंटिमीटर. नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स या व्यावसायिक संघानं त्याला 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या फेरीत घेतलं. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी, तो; सेकंड बेसला, म्हणजे सेकंड आणि फर्स्टच्या बाजूला, मासाहिरो आराकी. 2004 ते 2009 सलग सहा वर्षं दोघांनाही आपापल्या जागेचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळाला. दोघांच्या मधून सेंटरकडे, म्हणजे मैदानाच्या मागच्या मध्यभागाकडे, निघालेला चेंडू आराकी धावत गाठायचा, न थांबता इबाताकडे टाकायचा आणि इबाता फर्स्टला फेकून गडी बाद करायचा. याचे व्हिडिओ पोरांना जरूर दाखवा. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा फक्त पाय बघायला सांगा.

सरावाआधी सगळ्यांनी मिळून मैदानावरचे खडे वेचायचे. खड्यावरून उसळलेला चेंडू एकदा तोंडावर बसला की पोरगं महिनाभर मान फिरवतं. सुरुवातीला बॅट नको, चेंडू हातानं घरंगळत सोडा. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं चेंडूच्या किंचित उजवीकडून यावं: उजवा पाय, मग डावा, ग्लोव्ह जमिनीला लागलेला. ग्लोव्ह खालून वर येऊ द्या. उंच धरलेला ग्लोव्ह ऐनवेळी खाली पोहोचत नाही. चेंडू आला की उजवं पाऊल पुढे, डावा खांदा फर्स्टकडे, आणि फेक.

नंतर ग्लोव्ह काढून घ्या आणि डाव्या तळहाताला पट्ट्यानं एक सपाट फळी बांधा. फळीत चेंडू पकडता येत नाही, म्हणून उजवा हात आपोआप वेळेवर येतो. माझ्या मते याहून चांगला सराव नाही. जुलैत मैदानाचा चिखल झाला की हेच टेनिस बॉल घेऊन व्हरांड्यातल्या भिंतीवर करा.

मग जोडी. तीन-चार मीटरवरून खालच्या हातानं, मनगट न वळवता, छातीच्या उंचीवर चेंडू द्यायचा. देणाऱ्यानं चेंडूमागे दोन पावलं चालत जायचं. ग्लोव्हमधूनच चेंडू टाकायची करामत अगदी शेवटी.

आणि जागा बदला. 2010 मध्ये ड्रॅगन्सचे प्रशिक्षक ओचिआई यांनी इबाताला सेकंडला आणि आराकीला शॉर्टला नेलं. त्याच वर्षी ड्रॅगन्सनी सेंट्रल लीग, म्हणजे जपानच्या दोन व्यावसायिक लीगपैकी एक, जिंकली. इबाता 2015 मध्ये निवृत्त झाला, टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात इनफिल्डचा कोच होता आणि 2023 मध्ये जपानच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. दोन्ही जागांवरून खेळ बघितलेला माणूस शिकवताना नेमकं बोलतो, असं मला वाटतं. तुमची पोरं जागा बदलल्यावर पहिले काही दिवस चुकतील. चेंडूचा वेग कमी करा, पण त्यांना लगेच जुन्या जागी पाठवू नका.