मशीन बरोबर, आकडा चुकीचा : घरी बीपी, ताप, श्वास मोजताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे आता बऱ्याच घरांत बीपीचं मशीन आलंय. कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात पडून आहे, थर्मामीटर तर असतंच. लोक मोजायला लागले ही चांगलीच गोष्ट. पण पेशंटच्या वहीत सकाळी १६२, दुपारी १२८, रात्री १५० असे आकडे दिसतात आणि घरचे हवालदिल झालेले असतात. गोळी वाढवायची की कमी करायची, यावर घरातच दोन तट पडतात. बहुतेक वेळा मशीनमध्ये काही बिघाड नसतो. मोजायची वेळ आणि बसायची पद्धत चुकलेली असते.

बीपी : पट्टा बांधण्याआधीच निम्मी चूक झालेली असते

नेहमीचं दृश्य. चाळीसगाव तालुक्यातल्या खेड्यातून नाना एसटीनं येतात. स्टँडवर चहा झालेला, गालात तंबाखूचा बार, जिना चढून दम लागलेला. आल्या आल्या उंच स्टुलावर बसतात, पाय लोंबकळत, पाठीला टेकू नाही. सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, "काय नाना, यंदा कापूस किती निघाला?" झालं, नाना कापसाच्या भावावर घसरतात. मशीन दाखवतं १६८. यातलं नानांचं किती आणि चहा-तंबाखू-जिन्याचं किती, ते कोण सांगणार?

चहा, तंबाखू, विडी किंवा चालून येणं, यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, कारण मूत्राशय भरलेलं असेल तर वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. मग पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प. मोबाइलही बाजूला.

हात टेबलावर टेकलेला हवा आणि पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठ अंकांनी वाढतो. मनगटावरच्या मशीनमध्ये ही चूक हमखास होते, कारण हात मांडीवरच पडलेला असतो. बाही वर सरकवून तिचा दंडाला फास बसत असेल तर "असू द्या, चालतंय" म्हणू नका. नानांना सदऱ्यातून हात काढायला लावा.

पट्ट्याच्या मापाकडे तर कोणाचं लक्षच नसतं. घरगुती मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मध्य एकदा मोजा. दंड जाड आणि पट्टा लहान, तर बीपी उगाच जास्त दिसतं. काडीसारख्या हाताच्या आजीला मोठा पट्टा लावला तर उगाच कमी.

पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्यावर जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. आवडला तेवढा लिहायचा, हे बंद करा. घरच्या मोजणीत सरासरी सतत १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. पण दर दहा मिनिटांनी पट्टा बांधू नका, धास्तीनं आकडा आणखी चढतो. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं गोंधळतात. अशा पेशंटचं तीनदा मोजावं आणि डॉक्टरांना तसं सांगावं.

उन्हाळ्यात मामला उलटा होतो. मे महिन्यात घामावाटे पाणी जातं, वरून बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू. बसून मोजलेलं बीपी छान, आणि बाजेवरून उठताच माणूस डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतो. म्हणून उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचं एकदा आडवं झोपवून आणि मग उभं करून, एक आणि तीन मिनिटांनी मोजा. पडू नयेत म्हणून शेजारी कोणी तरी थांबा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

ताप : भुसावळच्या मे महिन्यात थर्मामीटरच तापतं

पत्र्याच्या घरात दुपारी फडताळातलं पाऱ्याचं थर्मामीटर काढून बघा. कधी कधी पेशंटला लावायच्या आधीच पारा टोकाला गेलेला असतो. हे थर्मामीटर चढलेला पारा धरून ठेवतं, म्हणून लावण्यापूर्वी झटकून ९५ च्या खाली आणायलाच हवं. खोलीच तेवढी तापली असेल तर तो खाली येतही नाही. माठाजवळ किंवा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ते ठेवावं.

कपाळाला दाखवायची गन ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायची, असं बऱ्याच कंपन्या माहितीपत्रकात लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. त्यात उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर ती रोखली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. सावलीत आणा, घाम पुसा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोंडात मोजायचं असेल तर चहा किंवा थंड पाण्यानंतरही तेवढंच थांबा.

काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतं. मनानं एक अंश मिळवू नका. वहीत "काखेत, ९९.८" असं जसंच्या तसं लिहा.

केळीच्या बागेतून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, अशा वेळी आकडा १०४ दिसण्याची वाट बघू नका. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान कपाळावर किंवा काखेत नीट कळत नाही. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हाही गैरसमज आहे. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

श्वास : मशीन नाही म्हणून कोणी मोजतच नाही

मला विचाराल तर सगळ्यांत मोठी चूक हीच. तब्येत ढासळायला लागली की श्वासाचा वेग बरेचदा बीपीच्या आधी बदलतो, पण घरच्या वहीत श्वासाचा रकानाच नसतो.

मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. "आता तुमचा श्वास मोजते हं माय," असं सांगितलं की माय मुद्दाम संथ श्वास घेतात. म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावरच राहू द्या आणि नजर पदराच्या वर-खाली होण्यावर ठेवा. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एकाची चूक चाराची होते. शांत बसलेल्या माणसाचे श्वास २५ किंवा त्याहून जास्त भरले तर सकाळपर्यंत थांबू नका.

लेकराचे श्वास ते रडत किंवा दूध पीत नसताना, झबलं वर करून मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजण्यातही वेळ घालवू नका.

नाडी आणि ऑक्सिमीटर

नाडी अंगठ्यानं बघू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. पहिली दोन बोटं लावा. मोठ्यांत ६० ते १०० ठीक. मात्र बीपी-हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, त्यामुळे ती वाढली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

ऑक्सिमीटरआधी नेलपॉलिश काढा. धुळ्याच्या थंडीत गारठलेलं बोट चोळून गरम करा. आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. रक्त खूप कमी असलेल्या माणसाचं ऑक्सिमीटर ९८ दाखवूनही त्याला दम लागू शकतो.

नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, पेशंट आहेत. तब्येत बरी असताना त्यांचा ऑक्सिजन किती दिसतो हे आधी लिहून ठेवा, म्हणजे आजारपणात तुलना करता येते. त्यांना १०१ च्या वर ताप गेला तर गोळी देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्लीहा (पोटातला, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) नीट काम करत नसल्यानं त्यांच्यात जंतुसंसर्ग फार झपाट्यानं पसरतो.

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोबडी वळलीय, तर बीपीचं मशीन शोधत बसू नका. आधी १०८. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा. गाडी येईपर्यंत हाताशी वेळ असेल तर मोजा, तो आकडाही वेळेसकट त्याच कागदावर टाका आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांसोबत गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात द्या.