जुन्या गेम कन्सोलसाठी ॲनालॉग केबल कशी निवडावी

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या पिनांनी चित्र सुधारते, हा सल्ला आधी मनातून काढून टाकावा. दीड-दोन मीटरच्या केबलमध्ये फरक पडतो तो तिच्यातून कोणता सिग्नल जातो यामुळे.

कॉम्पोझिट म्हणजे एकटी पिवळी पिन. चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेतून मिसळून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. हे काम पूर्णपणे साधत नाही, म्हणून लाल अक्षरे ओघळल्यासारखी दिसतात आणि त्यांच्या कडेने बारीक ठिपके मुंग्यांसारखे सरकत राहतात. एस-व्हिडिओच्या गोल प्लगमध्ये उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, आणि एवढ्या एका बदलाने ते ठिपके नाहीसे होतात. आरजीबीमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग स्वतंत्र जातात. युरोपात त्यासाठी २१ पिनांचा स्कार्ट प्लग रूढ होता. कॉम्पोनंटमध्ये उजेड हिरव्या पिनेतून आणि रंगाची माहिती निळ्या व लाल पिनांतून जाते. शेवटच्या दोघांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही; जी सोय टीव्हीवर असेल ती घ्यावी.

कन्सोल काय देतो तेही तपासावे. मेगा ड्राइव्हमधून आरजीबी मिळते, पण एस-व्हिडिओ मिळत नाही. निन्टेंडो ६४ मधून मूळ स्थितीत कॉम्पोनंट मिळत नाही. प्लेस्टेशन २ मधून चारही मिळतात. नुसता प्लग बदलणाऱ्या जोडणीने आरजीबीचे कॉम्पोनंट होत नाही. त्यासाठी विजेवर चालणारे रूपांतर करणारे यंत्र लागते. जपानी २१ पिनांचा प्लग स्कार्टसारखाच दिसतो, मात्र त्याच्या तारांची रचना निराळी असते, म्हणून तो स्कार्टच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नये.

आता खरी अडचण. प्लेस्टेशन २ कॉम्पोनंटने सपाट टीव्हीला जोडला तेव्हा सुरुवातीचा मेनू सुरेख दिसला, पण पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घालताच पडदा काळा झाला आणि सिग्नल नसल्याची सूचना झळकली. माझी पूर्ण संध्याकाळ डिस्क पुसण्यात आणि केबल बदलून पाहण्यात गेली, आणि दोष त्यांपैकी कशातच नव्हता. मेनू ४८०आय म्हणजे एकाआड एक ओळींनी रंगवलेल्या चित्राचा असतो, तर त्या काळातील बहुतेक खेळ २४०पी म्हणजे निम्म्या ओळींचे, पण सलग चित्र पाठवतात. जुन्या काचेच्या टीव्हीला दोन्ही सारखेच चालतात. अनेक सपाट टीव्ही मात्र कॉम्पोनंटवर २४०पी स्वीकारतच नाहीत. काही स्वीकारतात, पण त्याला ४८०आय समजून ओळी जोडायला जातात, त्यामुळे हलणाऱ्या पात्राच्या कडा करवतीसारख्या दिसतात आणि लुकलुकणारी सावली कधी कधी पूर्ण नाहीशी होते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की कॉम्पोनंट केबल विकत घेण्याआधी, तुमच्या टीव्हीला २४०पी चालते का, हे कोणाकडून तरी उसनी केबल आणून, प्रत्यक्ष जुना खेळ लावून पाहावे. मेनू दिसला म्हणून समाधान मानू नये. चालत नसेल तर त्याच टीव्हीची पिवळी पिन किंवा एस-व्हिडिओ वापरून पाहावे, कारण तेथे २४०पी बहुधा स्वीकारले जाते. नाहीतर ओळी दुप्पट करून चित्र एचडीएमआयवर पाठवणारे ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखे यंत्र घ्यावे. कॉम्पोझिटचे एचडीएमआय करणारी स्वस्त डबी घेऊ नये. ती बहुतेक वेळा २४०पीला ४८०आय समजण्याची चूक करते आणि वर चित्र उशिरा दाखवते, त्यामुळे उडी मारण्याचे बटण दाबल्यावर पात्र क्षणभर थबकते.

प्लेस्टेशन २ च्या सेटिंगमध्ये कॉम्पोनंट आणि आरजीबी यांतून योग्य पर्याय निवडावा लागतो. तो चुकला तर रंग बिघडतात. अशा वेळी पिवळी पिन जोडून सेटिंग बदलावे.

कॉम्पोनंट केबलवर लाल पिना दोन असतात. निळ्या-हिरव्यासोबतची चित्राची, पांढऱ्यासोबतची आवाजाची. चित्राचे रंग विचित्र आणि एका बाजूने गुरगुर ऐकू आली, तर या दोन पिनांची अदलाबदल करावी.