डकटेल्समध्ये उडी उशिरा लागते? आधी हे करून बघा

कॅपकॉमचा १९८९ चा डकटेल्स हा व्हिडिओ गेम किंवा त्याच्या पुढच्या वर्षी आलेला चिप अँड डेल आजच्या टीव्हीवर खेळताना बटन दाबल्यावर उडी जरा उशिरा लागते आणि कडेवरून पडायला होतं, त्यात आपल्या हाताचा काही दोष नसतो.

१. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड ऑन करा. निम्मं काम इथेच होतं.

२. रेट्रोआर्क (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर गेम चालू असताना कीबोर्डवर पी दाबून पॉज करा, उडीचं बटन दाबूनच ठेवा आणि के एकेकदा दाबत जा, दर वेळी एकच फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) पुढे सरकते. कितव्या फ्रेमला स्क्रूज (डकटेल्समधलं आपलं पात्र) हलला ते मोजा. तिसऱ्या फ्रेमला हलला तर आकडा २, दुसऱ्याला हलला तर १, म्हणजे एक कमी.

३. तो आकडा सेटिंग्जमधल्या लेटन्सीत रन-अहेडला (गेममधला उशीर कापणारी सोय) द्या. एक फ्रेम म्हणजे साधारण १६ मिलिसेकंद, ऐकायला किरकोळ वाटतं पण हलत्या प्लॅटफॉर्मवर फरक लगेच कळतो, आणि काठीचा पोगो म्हणजे काठीवर उसळणं (हवेत असताना खाली आणि बी) तर एकदम बोटाबरोबर लागतो, खूप भारी वाटतं!

फक्त मोजून आलेल्या आकड्यापेक्षा जास्त ठेवू नका, मधल्या फ्रेम गायब होऊन पात्र झटके देत हलतं. आणि प्रत्येक गेमचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे लायन किंग लावलात की परत मोजा.